देवाच्या झोपेचा वाद

एका राज्यात एक देऊळ होते आणि त्या देवळात वीस वर्षे एकच वाद चालला होता. देव झोपतो की झोपत नाही? मुद्गलाचार्य म्हणत, झोपतो. म्हणून ते दुपारी दार लावून देवाचा पाळणा हलवीत. पंडिता विशाखा म्हणे, झोपतो तो देव कसला, दार उघडे ठेवा. त्या राज्याची रीत अशी की, हरणाऱ्याने आपला शेला उतरवून जिंकणाऱ्याच्या खांद्यावर घालायचा, तेव्हाच वाद मिटायचा. हे दोघे असे हट्टी की भर वैशाखातही अंगावरचा शेला काढीत नसत. न जाणो, कोणी हार समजेल!

एके दिवशी धूम्रकेश मांत्रिक उन्हातून आला आणि त्याने दारात पाणी मागितले. घागर हाताशी होती, पण दोघांनाही शेवटचा शब्द आपलाच हवा होता. तहानेने कासावीस झालेला मांत्रिक म्हणाला, "तुमचा वाद संपेपर्यंत या राज्यात कोणाचाही डोळा लागणार नाही." एवढे बोलून तो धूर होऊन निघून गेला.

एकवीस दिवस कोणी झोपले नाही. विशाखेची सहा महिन्यांची लेक इतकी थकली की तिला रडूही येईना. वैद्याने सांगितले, फार तर तीन दिवस. लेकीला सासूच्या हवाली करून विशाखा उपाय विचारायला डोंगरावर बोलक्या धनेश पक्ष्याकडे गेली.

धनेश म्हणाला, "तीन वाद निभावून ने. पहिला तळ्यात, दुसरा खिंडीत, तिसरा तुझ्याच देवळात."

तळ्यातल्या यक्षाने वाट अडवून विचारले, देव सगळीकडे आहे तर देऊळ कशाला? विशाखेने उत्तर दिले, यक्षाने उलटा प्रश्न केला. तिला आपले एक विधान मागे घ्यावे लागले, त्याला दोन. दोघेही खुशीत आले. यक्षाने तिला पाण्यावरून वाट करून दिली.

खिंडीत सात तोंडांचा राक्षस बसला होता. त्याचाही प्रश्न तोच. विशाखेने एकेक तोंड निरुत्तर केले, पण सातवे मिटते न मिटते तोच पहिल्याने पुन्हा तोच प्रश्न केला. तेव्हा तिने नीट निरखून पाहिले. तोंडे सात होती, कान एकही नव्हता. दुसरा कोणी पंडित तिथेच बोलून बोलून मेला असता. तिने गाठोडे उचलले आणि ती चालू लागली. "हरलीस!" राक्षस मागून ओरडला. तो शब्द तिला फार झोंबला. तरी ती वळली नाही, आणि खिंड आपोआप रुंद झाली.

वाटेत तिला एक बिनतोड मुद्दा सुचला. आता आचार्य गप्प होणार, वाद संपणार, लेक निजणार! ती धावतच देवळात शिरली.

आचार्य पाळणा हलवीत होते. त्यांचे तळहात सोलले होते, दोरीला रक्त लागले होते. पाळण्यात देवाला जरा सरकवून शेजारी तिची लेक निजवली होती.

"तुझ्या सासूबाई थकल्या," आचार्य खालमानेने म्हणाले. "देव झोपला तर त्याच्या कुशीत हीसुद्धा झोपेल, असे वाटले."

बिनतोड मुद्दा ओठांवर होता. वीस वर्षे तिने याच क्षणाची वाट पाहिली होती. आणि ती थोर बाई तो मुद्दा बोलली नाही. तिने आपला शेला उतरवला आणि आचार्यांच्या खांद्यावर घातला.

"तुला पटले?" आचार्यांनी विचारले.

"नाही, आचार्य. माझा देव जागाच आहे. पण दोरी आता माझ्याकडे द्या. तुमचे हात दुखत असतील."

आचार्यांनी दोरी तिच्या हाती दिली. मग त्यांनी आपलाही शेला काढला आणि तो लेकीच्या अंगावर पांघरला. लेकीने जांभई दिली आणि डोळे मिटले.

पाठोपाठ सारे राज्य झोपले. राजा सिंहासनावर, पहारेकरी उभ्या उभ्या, आचार्य खांबाला टेकून. एकटी विशाखा जागी राहून दोरी ओढत होती. एवढ्यात धूम्रकेश दारात आला. तिने ओठांवर बोट ठेवले, उठून घागर त्याच्या हाती दिली. तो पोटभर पाणी प्याला आणि पाय न वाजवता निघून गेला.

त्या राज्यात अजूनही दुपारी देवळाच्या दाराची एक फळी लावतात, एक उघडी ठेवतात. आणि उघड्या फळीपाशी पाण्याची घागर भरलेली असते.