शिवेवरचा बांध

शेलवाडीच्या दौलतराव इनामदारांनी ओढ्याला बांध घातला आणि खालच्या तांबुळवाडीत मिरचीची रोपं माना टाकू लागली. गावकरी विनवायला बांधावर आले.

"ओढा माझ्या रानातून निघतो. थेंब न् थेंब माझा!" इनामदार गरजले.

गावकऱ्यांतून चंद्राक्का पुढे आली.

"खरं आहे, मालक. तुमचं पाणी आम्हाला नको. आम्हीही उद्या आमच्या शिवेवर उंच बांध घालतो. पावसाळ्यात पूर आला तरी तुमचा थेंब आम्ही खाली येऊ देणार नाही."

इनामदारांनी ओढ्याकाठच्या आपल्या नव्या घराकडे पाहिलं. अडलेला पूर तिथंच चढणार होता.

"अगं, एवढं कशाला?" त्यांचा आवाज उतरला.

दिवस मावळायच्या आत त्यांच्याच गड्यांनी बांध फोडला.