कोऱ्या दाखल्याचा अर्थ

तालुक्याच्या अग्निशमन दलात भरती होती. फासेपारधी समाजातली सुनयना काळे पाठीवर माणसाच्या वजनाचं पोतं घेऊन तीन मजल्यांची शिडी सरसर चढली, तेव्हा बघणाऱ्यांनी श्वास रोखून धरले. तिच्या वस्तीतून अशा नोकरीपर्यंत आजवर कोणी पोचलं नव्हतं.

आता उरली होती मुलाखत. तिनं पोलिसांचा चारित्र्य दाखला समोर ठेवला. त्यात एकही गुन्हा नव्हता. पण निवड समितीचे अध्यक्ष दादासाहेब इनामदार यांनी तो बोटानं बाजूला सरकवला.

"जळत्या घरात दागिने उघडे पडलेले असतात. तुमच्या जमातीवर भरवसा कसा ठेवायचा? दाखला कोरा आहे याचा अर्थ एवढाच, की तू अजून सापडली नाहीस!"

सुनयनाचे कान तापले. पण आवाज शांत ठेवून तिनं विचारलं, "साहेब, तुमच्यावर कधी गुन्हा नोंद झालाय?"

"माझ्यावर?" दादासाहेब ताठ झाले. "उभ्या हयातीत एकही नाही! माझा दाखला कोरा करकरीत आहे!"

"म्हणजे साहेब, तुम्हीही अजून सापडला नाहीत?"

शेजारी बसलेले दलप्रमुख घाटपांडे उभा जन्म आगीत शिरत आलेले, पण अशी धिटाई त्यांनी ज्वाळांसमोरही पाहिली नव्हती. ते थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नोंदवही पुढे ओढून दादासाहेबांना अदबीनं विचारलं, "साहेब, कोऱ्या दाखल्याचा अर्थ काय लिहून घेऊ?"

दादासाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

"निर्दोष," ते म्हणाले. "निर्दोष लिहा."