वेदीची लेस

"मग यातलं मी काय सोडू, टीचर?"

ब्रिजित टीचर पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशातलं?"

हिल्डा तुस्कानो बसली नाही. उभ्याउभ्याच सांगू लागली. सकाळी सासूबाईंची अंघोळ, त्यांच्या पायाचं ड्रेसिंग. मग स्वयंपाक. करंज्या झाल्यात, पेरूचं चीज वड्या पाडून झालंय, कुलकुल दोन डबे झालेत, केक राहिलेत. नाताळच्या गोठ्यासाठी पेरलेले गहू उगवलेत, पण पिवळे. बाळ येशूसाठी नवं गवत करायचंय. चर्चमध्ये कागदी तारे करायला बारा बायका येतात, त्यांना शिकवायचं. आणि वेदीच्या कापडाची लेस. चोवीस तारखेच्या मिस्साला ती लागणार. आज वीस.

"पाठ करून आलीस," टीचर म्हणाल्या.

"वहीत लिहून ठेवलंय. नाहीतर विसरते."

"पूर्वी विसरायची नाहीस."

हिल्डानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

वसईच्या या वाडीतल्या तीन पिढ्यांच्या बायकांना टीचरनी शिवण आणि क्रोशा शिकवला होता. आता त्या एक्याऐंशीच्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींत हिल्डासारखी दुसरी झाली नाही, असं सगळेच म्हणत. हिल्डाही म्हणे. तिच्या गोठ्याला नऊ वर्षं पहिलं बक्षीस होतं.

"फादरना विचारलंस?"

"विचारलं. त्यांनी मार्था आणि मरीयेची गोष्ट सांगितली. मार्था राबत बसली, मरीया प्रभूच्या पायाशी बसली, मरीयेनं चांगला वाटा निवडला."

"फादरच्या घरी स्वयंपाकाला कोण येतं?"

"पास्कूची बायको."

"मग बरोबर आहे त्यांचं."

हिल्डाला हसू आलं. आलं तसं गेलं.

"गेल्या वर्षी हे सगळं होतं ना?" टीचरनी विचारलं.

"होतं. याहून जास्त होतं."

"तेव्हा नाही आलीस विचारायला."

"गेल्या वर्षी वॉल्टर होता."

"तो काय करायचा?"

हिल्डानं आठवून पाहिलं. तिला वाटलं होतं, पुष्कळ काही निघेल.

"दारावरचा तारा लावताना शिडी धरायचा," ती म्हणाली. "बाकी... खायचा."

टीचरनी एक शेंग सोलली. तीत दाणा नव्हता. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि टाकली.

"या वर्षी शिडी कोणी धरली?"

"भिंतीला टेकवली."

"म्हणजे तारा लागलाय."

"लागलाय. दरवर्षीपेक्षा मोठा."

...

वाडीची एक रीत आहे. ज्या घरचं कोणी त्या वर्षात गेलेलं असतं, त्या घरी नाताळचं तळण होत नाही, तारा लागत नाही. शेजारच्या घरांतून ताटं येतात. एरवी कुणाचं ताट रिकामं परत करायचं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. त्या वर्षी त्या घराला तेवढी सूट असते. घ्यायचं आणि गप्प बसायचं. दुःखातल्या माणसाला ही रीत कुणी शिकवावी लागत नाही, असं म्हणतात. शिकवावी लागते.

हिल्डाचा नवरा वॉल्टर जूनमध्ये गेला होता.

"तुझ्याकडे ताटं आली?" टीचरनी विचारलं.

"सात आली."

"मग?"

"सातही भरून परत पाठवली. आमच्या करंज्या घालून. कुणाचं मिंधं राहायला नको."

"तुझ्या शेजारची अन्सी म्हणत होती."

"काय म्हणत होती?"

"की हिल्डाच्या घरी कुणाला आत जायला वाट नाही. दारातच करंज्या मिळतात."

"अन्सीला काय, जीभ आहे," हिल्डा म्हणाली. मग थोडं थांबून, "खरंच असं म्हणाली?"

टीचरनी सूप बाजूला ठेवलं.

"लेस आणलीस?"

तिनं आणली होती. खरं तर ती त्यासाठीच आली होती. पिशवीतून तिनं पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी काढली आणि उलगडून टीचरच्या मांडीवर ठेवली. चार बोटं रुंद, तीन वार लांब. द्राक्षांचे घोस, मधे गव्हाची लोंबी, पुन्हा घोस. दीड महिन्याचं काम होतं.

"कोपरा जमत नाही, टीचर. तीनदा उसवला. टाके मोजले की बरोबर येतात, वळवलं की कमी पडतात. पंचवीस वर्षांत माझा टाका चुकला नाही. तुम्ही फक्त कुठे चुकलंय ते सांगा, बाकी मी करते."

टीचरनी लेस डोळ्यांजवळ नेली नाही. बोटांखालून घेतली. एक घोस, दुसरा घोस, लोंबी. शेवटाकडून सुरुवातीकडे आल्या, पुन्हा शेवटाकडे गेल्या.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या.

"घट्टच हवी ना? तुम्हीच शिकवलंत. ढिला टाका म्हणजे ढिली बाई."

"मी असं म्हणायची?"

"रोज."

"काय मूर्ख बाई होते..." टीचर पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "बाय, बस इथं. हात पुढं कर. दोन्ही."

हिल्डा बसली. तिनं हात पुढे केले, लहानपणी वर्गात करायची तसे, तळवे समोरासमोर.

टीचरनी लेसचं टोक शोधलं. गाठ दातांनी तोडली. दोऱ्याचं टोक हिल्डाच्या डाव्या अंगठ्याला अडकवलं, आणि ओढलं.

सर्र... असा आवाज झाला. कोपरा गेला.

"टीचर!"

"हात हलवू नकोस. गुंता होईल."

"टीचर, चोवीसला वेदीवर घालायचीय!"

"वेदीला गेल्या वर्षीची आहे."

"अहो, दीड महिना..."

"बोटं लांब ठेव."

पण हिल्डानं हात मागे घेतले नाहीत. का घेतले नाहीत, हे तिला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतर कुणी विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही. दोरा डाव्या हातावरून उजव्या हातावर, उजव्यावरून डाव्यावर येत होता. द्राक्षाचा एक घोस गेला. लोंबी गेली. उसवलेला दोरा सरळ होत नव्हता, केसांसारखा कुरळा राहत होता.

पिशवीत फोन वाजू लागला.

हिल्डानं पिशवीकडे पाहिलं. मग हातांकडे.

"उचलू का, टीचर?"

"कशानं?"

फोन वाजून थांबला. दुसरा घोस गेला. फोन पुन्हा वाजू लागला.

"कोण असेल?" टीचरनी विचारलं.

"मेलिशा. या वेळेला तीच करते."

मेलिशा तिची मुलगी. एकुलती. पुण्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती.

"कधी येतेय?"

हिल्डा दोऱ्याकडे बघत राहिली.

"येत नाही," ती म्हणाली.

फोन थांबला. दोऱ्याचाच तेवढा आवाज राहिला.

"काल सांगितलं तिनं. हॉस्टेलवरच थांबते म्हणाली. नाताळ करायला नाही येत. मी म्हटलं, तुझ्यासाठी एवढं सगळं करतेय. तर म्हणाली..."

टीचरचा हात चालूच होता.

"म्हणाली, मम्मी, दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा घर इतकं नीट होतं, की वाटलं, पप्पा आपल्याकडे कधी राहतच नव्हते."

...

"मी घर होतं तसं ठेवलं, टीचर. तिला परत यावंसं वाटावं म्हणून. एक वस्तू हलवली नाही. एक पदार्थ कमी केला नाही. आणि तिला होतं तसं घर नको. मग बंद करू का सगळं? तारा उतरवू? मग ती म्हणेल, पप्पा गेले आणि घरही गेलं. मला कळत नाही. खरंच कळत नाही. काय करायचं असतं?"

"मलाही कळत नाही," टीचर म्हणाल्या.

शेवटचा घोस गेला. हिल्डाच्या दोन्ही हातांभोवती पांढऱ्या दोऱ्याची जाड लड झाली होती. टीचरनी दुसरं टोक तिच्या उजव्या अंगठ्याला अडकवलं आणि भिंतीला धरून उठल्या.

"थांब. आलेच."

त्या आत गेल्या.

हिल्डा हात पुढे करून बसून राहिली. आतून डबा उघडल्याचा आवाज आला. मग झाकण पडल्याचा, गोल गोल फिरत जाऊन थांबल्याचा. खांदे दुखू लागले. नाकाला खाज सुटली, ती खाजवता येईना. कुंपणापलीकडून पास्कू सायकलवरून गेला आणि त्यानं हात केला. तिला करता आला नाही. तिचे दोन्ही हात भरलेले होते आणि ती काहीच करत नव्हती. असं कधी झालेलं तिला आठवेना. वॉल्टरला नेलं त्या दिवशीसुद्धा ती कपबशा विसळत होती.

टीचर एक ताट घेऊन बाहेर आल्या. पितळी, काठ थोडा चेपलेला. ताटात कुलकुल होते. मैद्याची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून शंखासारखी वळायची असते. हे शंख काही मिटले होते, काही उघडेच राहिले होते. पाचसहा तर चांगलेच करपले होते.

"तुमच्या घरासाठी केलेत. पाठवणार कुणाबरोबर, म्हणून राहिले होते."

"टीचर, तुम्ही कशाला... तुम्हाला दिसत नाही. आमच्याकडे दोन डबे..."

"आ कर."

"हात सोडवा ना आधी."

"आ कर."

हिल्डानं तोंड उघडलं. टीचरनी एक कुलकुल चाचपून उचलला आणि तिच्या तोंडात घातला.

तो कडक होता. मधे थोडा कच्चाही होता. हिल्डा चावत राहिली. एका कुलकुलाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ चावत राहिली. डोळे पुसायला हात नव्हते, त्यामुळे ते तसेच राहिले.

टीचर शेजारी बसल्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सूप ओढून घेतलं.

"आमचा पोरगा बेनी नऊ वर्षांचा होऊन गेला, त्या नाताळला तुझी सासू असंच ताट घेऊन आली होती," त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "मी तेव्हा वाडीतली मोठी टीचर. ताट घासलं, लख्ख पुसलं, वर साखर घातली आणि परत पाठवलं. तासाभरात बाई पुन्हा दारात. ताट हातात. म्हणाली, एवढं चकचकीत? तू खाल्लंस की कोंबड्यांना घातलंस, मला कसं कळायचं?"

हिल्डानं गिळलं.

"कोंबड्यांना घातलं होतं?"

"कोंबड्यांना घातलं होतं."

"मग?"

"मग काय... बसली इथं पायरीवर. उठेचना."

मग टीचरनी हिल्डाच्या हातांवरून लड अलगद काढली, मधे एक पीळ दिला आणि तिच्या पिशवीत टाकली. ताटावर पंचा बांधला आणि ते तिच्या हातांत दिलं. हातांवर दोऱ्याचे वळ उठले होते.

"आणि लेस?" हिल्डानं विचारलं.

"दोरा आहे ना तुझ्याकडे."

"या वर्षी होणार नाही."

"नाही होणार."

"फादर विचारतील."

"विचारू देत."

हिल्डा पायऱ्या उतरली. अंगणात थांबली. एका हातात ताट होतं, दुसऱ्यात पिशवी, आणि पिशवीत फोन तिसऱ्यांदा वाजत होता. यातलं आधी काय खाली ठेवावं, हे तिला कळेना. शेवटी तिनं ताट छातीशी धरून पिशवीच जमिनीवर ठेवली.

"मेलिशाला काय सांगू, टीचर?"

टीचरनी शेंगेतला दाणा सुपात टाकला.

फोन वाजत होता. हिल्डा वाकली, फोन काढला, पण लगेच कानाला लावला नाही. तिला काहीतरी आठवलं. तोंडात आलं ते सवयीनं आलं.

"ताट उद्या सकाळी घासून पाठवते हं."

"मेलिशा आली की तिच्या हातून पाठव," ब्रिजित टीचर म्हणाल्या. "आणि घासू नकोस."