सिद्रामनं पाया घातला

माळावरच्या एका गावात सिद्राम नावाचा एक भोळा गडी होता. अंगात बैलाचं बळ, मनात तिळाएवढं कपट नाही. सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करी. लोकांना भीती वाटायची ती याचीच.

गावात रत्नाअक्कांचा गिअर बनवायचा छोटा कारखाना होता. जमीन काळी. पावसात फुगायची, उन्हात भेगाळायची, वरची यंत्रं हलायची आणि माल वाया जायचा. शेवटी गिऱ्हाईक म्हणालं, दिवाळीपर्यंत बिनचूक माल द्या, नाहीतर रामराम. अक्कांनी नवं यंत्र मागवलं. बारा घरांच्या चुली आता त्याच्यावर होत्या.

अक्का म्हणाल्या, "सिद्राम, यंत्राच्या पायासाठी पाच फूट खण. मातीत चुना कालव आणि परत भर."

सिद्रामनं खणलं, कालवलं, भरलं. अक्का बघायला आल्या आणि गुडघ्यापर्यंत आत गेल्या.

"अरे शहाण्या, ठोकलं का नाहीस?"

"तुम्ही भर म्हणालात."

"भरलं की ठोकायचं! धुमस घे आणि दगडासारखं होईपर्यंत ठोक!"

सिद्रामनं माती उपसली, थर देत देत ठोकली. दगड झाली. अक्का खूश. संध्याकाळी गवंड्यानं वर काँक्रीट ओतलं. सकाळी बघतात तर सिद्राम घामाघूम, आणि काँक्रीटचा भुगा.

"हे काय केलंस रे?"

"भरलं की ठोकायचं."

अक्कांनी कपाळाला हात लावला. दिवाळी तोंडावर आली होती.

"काँक्रीटला ठोकत नाहीत, बाबा! त्याला जपायचं. वर गोणपाट टाकायचं, सात दिवस पाणी पाजायचं. कोरडं पडलं तर कच्चं राहतं."

काँक्रीट पुन्हा ओतलं. सिद्राम सात दिवस तिथून हलला नाही. पाया असा झाला की गवंड्यानंही मान डोलावली. अक्कांनी त्याची पाठ थोपटली. सिद्रामच्या डोळ्यांत पाणीच आलं. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याला शाबास म्हटलं होतं.

मग यंत्र आलं, बोल्टांनी घट्ट बसलं. अक्का गिऱ्हाइकाला आणायला पुण्याला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "सिद्राम, पाया जपलास ना, तस्संच यंत्र जप."

"काळजीच सोडा, अक्का."

पाचव्या दिवशी अक्का गिऱ्हाइकाला घेऊन आल्या. गिऱ्हाइकानं पायावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे. "वा! असा पाया मी पाहिला नाही," तो म्हणाला. अक्कांची छाती फुगली.

"आणि यंत्र कुठाय?" गिऱ्हाइकानं विचारलं.

पायावर ओल्या गोणपाटाचा एक मोठा ढीग होता. खालून लाल पाणी ठिबकत होतं. शेजारी बादली घेऊन सिद्राम उभा.

अक्कांनी ते पाणी बोटावर घेतलं. गंज होता. "सिद्राम... त्याच्यावर तेलाचा थर होता ना रे?"

"व्हय. पाणी मुरंना, म्हणून आधी रॉकेलनं पुसून काढला."

अक्का गोणपाट उचलू लागल्या. सिद्राम घाईनं पुढं धावला.

"काढू नका, अक्का! अजून दोन दिवस हायत. कच्चं राहील."