दोन ग्रॅमचा काला

“दोन ग्रॅम म्हंजी किती?” बुवांनी विचारलं.

चारुदत्तने परातीशेजारच्या वाटीतले चार शेंगदाणे उचलले आणि बुवांच्या तळहातावर ठेवले.

“एवढे.”

दासोबुवांनी ते तोंडात टाकले, सावकाश चावले. “अन् एवढ्यापायी तू मठ सोडून चाललास?”

“एवढ्यासाठी नाही, बुवा... म्हणजे, एवढ्यासाठीच. पण ते उलटं आहे.”

उलटं म्हणजे काय, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बांधून ठेवलेली पिशवी दाराशी होती, आणि चारुदत्त खानवेलकर पहाटेपासून तिच्याकडे आणि बुवांकडे आळीपाळीने पाहत होता.

डोंगराच्या कडेला असलेल्या त्या मठात माणसं तीनच. एक बुवा. दुसरा भागूजी, जो आधी मेंढरं वळायचा आणि आता मठाची गाय सांभाळायचा. तिसरा चारुदत्त, पुण्यातली प्राध्यापकी सोडून दोन वर्षांपूर्वी शिष्य म्हणून आलेला.

मानसशास्त्राची प्रयोगशाळा होती त्याची. डोळे बांधलेल्या माणसाच्या हातात तो दोन सारख्या दिसणाऱ्या डब्या द्यायचा. आत शिशाचे छर्रे, एकीत थोडे जास्त. जड कुठली, ते माणसाने सांगायचं. किती फरक असला म्हणजे माणसाला तो कळतो, हे शोधण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती. माणूस “सारख्याच वाटतात” म्हणाला, तर चारुदत्त मान हलवायचा. एक निवडावीच लागायची. आपल्या या कडकपणाचा त्याला भारी अभिमान होता.

मठात रोज दुपारी बुवा स्वतः काला कालवत. लाह्या, दही, लोणच्याचा खार. दोन गोळे वळून ते चारुदत्तच्या हातांवर ठेवत. आपला प्रसाद उजव्या हातात, दुसऱ्याचा डाव्यात, हा तिथला रिवाज. भागूजी त्या वेळी गोठ्यात असायचा, म्हणून त्याचा गोळा चारुदत्तने नेऊन द्यायचा.

आणि डावा हात रोज जड लागायचा.

आधी त्याने मनावर घेतलं नाही. मग घेतलं, आणि एकदा घेतल्यावर काही सुटेना. अक्षरशत्रू भागूजी, अर्धा काला गाईला चारणारा भागूजी, आणि बुवांचं झुकतं माप त्यालाच. चारुदत्तच्या अंगाचा तिळपापड झाला. ट्रंकेच्या तळाशी पुण्याहून आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा होता, तो त्याने बाहेर काढला. गोठ्याच्या वाटेवर, कडुलिंबाच्या आडोशाला, चाळीस दिवस त्याने दोन्ही गोळे तोलले.

“मंग?” बुवा म्हणाले. “भागूजीचा किती जास्त भरला?”

“नाही भरला... माझाच जास्त भरला. जवळजवळ रोज. दीडशे ग्रॅमच्या गोळ्यामागे दोन ग्रॅम.”

“बरं झालं की.”

“पण हाताला त्याचाच जड लागतो, बुवा. अजूनही.”

गोठ्यातून भागूजीचं गाईशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं.

“डावा हात कमी कामाचा, म्हणून तसं लागत असेल,” चारुदत्त घाईने म्हणाला. “प्रयोगात मी हात बदलायला लावायचो. इथं रिवाजापायी विसरलो. लक्षात आल्यावर वाटेत गोळे बदलले. त्याचा उजव्यात घेतला...”

“मंग?”

“उजवा जड लागला.”

“मंग खरं कोण? काटा का हात?”

“काटा.”

“मंग झालं.”

“हात ऐकत नाही ना.”

बुवांनी स्वतःचे दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले. बोटांना दही वाळलं होतं.

“तुम्ही मुद्दाम मला जास्त देता का?” चारुदत्तने विचारलं.

“मला काय ठावं? हाताला यील तेवढं घेतो.”

“दोन ग्रॅम माणसाला कळतच नाहीत, बुवा. दोनशे माणसांवर मीच पाहिलंय. तेवढ्या फरकाला हात आंधळा असतो.”

“मंग तुला कसं कळलं?”

चारुदत्तला कळलं होतं हे खरं, पण जे कळलं होतं ते खोटं होतं. अकरा वर्षांत असा माणूस त्याच्यासमोर कधी बसला नव्हता. बसला असता, तर चारुदत्तने त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

“मला वाटलं, मी तुमचा नावडता आहे,” तो म्हणाला. म्हणता म्हणता त्याने बाहीने डोळे पुसले. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने काल्यावरून रडायचं, याची त्याला लाज वाटली. “तसं नाही, हे काटा सांगतो. तरी वाटायचं थांबत नाही. अशा माणसाने इथं राहून काय करायचं? राहू की जाऊ, एवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

बुवांनी परात पुढे ओढली. खूप वेळ लाह्या कालवल्या. दोन गोळे वळले, आणि कुणाचा कुठला ते न सांगता चारुदत्तच्या दोन्ही हातांवर ठेवले.

“जड कुठला?”

चारुदत्तने डोळे मिटले. हात खालीवर केले. पुन्हा केले. आयुष्यात पहिल्यांदाच ते शब्द त्याच्या तोंडून आले.

“सारखेच वाटतात.”

“बरं. एक तू खा, एक भागूजीला देऊन ये.”

तो उठला. हायसं वाटलं त्याला. डाव्यातला भागूजीला द्यावा, असं मनाशी ठरवून तो दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकला.

डावा हात जड झाला होता.

मग उजव्यातला देऊ, त्याने ठरवलं.

उजवा खाली ओढू लागला. डाव्यात जणू नुसत्या लाह्या उरल्या. त्याने पुन्हा मन बदललं. पुन्हा तेच. काटा ट्रंकेत होता आणि दोन्ही हात भरलेले होते. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, उंबऱ्यात उभं राहून हा माणूस करतोय तरी काय. आपण काय करतोय, हे चारुदत्तलाही कळत नव्हतं.

“बुवा,” तो न वळता म्हणाला, “यातला भागूजीचा कुठला?”

“तूच ठरव.”

“ठरवता येत नाही. ज्याला त्याचा म्हणावं, तोच जड होतो.”

मागे परात सरकवल्याचा आवाज झाला. बुवा हात धूत असावेत.

“मंग दोन्ही त्यालाच दे... अन् रिकामे हात किती जड लागतात, ते येऊन सांग मला.”