सीमेवर अडवलेल्या कुऱ्हाडी

फार पूर्वी एका दाट जंगलाभोवती तीन छोटी राज्यं नांदत होती. दर उन्हाळ्यात जंगलाला वणवा लागे आणि जो तो आपल्या हद्दीपुरताच विझवत बसे.

एकदा पूर्वेकडच्या राणीने दोन्ही शेजारी राजांना बोलावलं. ती म्हणाली, "वणव्यासाठी तिघांची मिळून एक तुकडी ठेवू. आग लागेल तिथे ती परवानगीची वाट न बघता जाईल. तिचा कारभार तिघांनी ठरवायचा, प्रत्येकाचं मत सारखं."

उत्तरेचा राजा लगेच तयार झाला. पश्चिमेचा राजा मात्र ताडकन उठला. "माझ्या आजोबांनी असंच शेजाऱ्याचं सैन्य पाहुणे म्हणून आत घेतलं होतं. कित्येक वर्षं ते हललं नाही! माझ्या राज्यात मला विचारल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. प्रजेनेही त्याचा जयजयकार केला. मग राणी आणि उत्तरेच्या राजाने दोघांचीच तुकडी उभी केली.

पुढच्या चैत्रात त्याच्याच हद्दीत वणवा पेटला. धूर दिसताच राणी तुकडी घेऊन सीमेवरच्या ओढ्यापाशी धावत आली. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले. तेवढ्यात राजाही तिथे पोचला.

"कुऱ्हाडी इथेच ठेवा, मग आत या," तो म्हणाला.

"महाराज, कुऱ्हाडीशिवाय झाडं कशी तोडायची? मध्ये मोकळा पट्टा केला नाही, तर आग गावांत शिरेल."

प्रधान राजाच्या कानाशी लागला, "आज कुऱ्हाडी येतील, उद्या तलवारी."

राजा घुटमळला. तेवढ्यात वारा फिरला. शेवटी "या, लवकर या!" असं तो ओरडला, तेव्हा मागे गावं पेटली होती.

वाचलेली माणसं ओढा ओलांडून राणीच्या राज्यात गेली. पावसाळा संपल्यावर राजा त्यांना न्यायला आला. आगीत लेक गमावलेली एक कुंभारीण म्हणाली, "महाराज, तुमचा जयजयकार आम्हीच केला होता. तुम्हाला काय बोल लावू? पण त्या राखेत पुन्हा चूल नाही मांडायची मला."

एकही माणूस परतला नाही.

मग राजा राणीच्या दरबारात गेला. "मलाही तुमच्यात घ्या."

राणीला त्याच्याकडे बघवेना. "घेऊ, महाराज. पण ठरवणार आता आम्ही दोघंच. तुम्ही कुणाच्या वतीने मत देणार?"

राजाने मान डोलावली. त्यानंतर आपल्याच जंगलाचे निर्णय तो दरबाराच्या दाराशी बसून ऐकू लागला.

तात्पर्य: बरोबरीने हात मिळवायची वेळ जो दवडतो, त्याला पुढे त्याच दारात हात पसरावा लागतो.