दृष्टीसाठी टांगलेला ओळंबा

जनावरं घरं बांधायची आणि काही हत्यारं तोंडावर खरं बोलायची, त्या काळची गोष्ट. साळोजी साळिंदरांनी अंगणाला स्वतःच विटांची भिंत घालायला घेतली. गवंडी कशाला? गवंड्याला काम करताना त्यांनी एकदा लांबून पाहिलं होतं की!

भिंत कमरेइतकी झाली तेव्हा दोरीला लोंबणारा ओळंबा म्हणाला, "मालक, भिंत बाहेर कलतेय. उतरवा."

"तूच वाकडा लोंबतोयस!" साळोजी कडाडले.

"तर काय!" थापी म्हणाली. "मालकांच्या हाताला तोड नाही."

भिंत पुरी झाली. नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून साळोजींनी ओळंब्यालाच काजळ फासलं आणि लिंबू-मिरच्यांसोबत भिंतीच्या माथ्यावरून बाहेरच्या अंगाला सोडलं.

शेजारची सशीण भागूबाई म्हणाली, "अहो, दोरी सरळ खाली आलीय आणि भिंतीचा पाया तिच्यापासून हातभर आत राहिलाय!"

संध्याकाळी भिंत भागूबाईच्या भोपळ्याच्या वेलावर आडवी झाली.

"लागली ना तुमची नजर!" साळोजी तिच्यावरच ओरडले.

आता नवी भिंत चढतेय. या खेपेला साळोजी दोन ओळंबे टांगणार आहेत. काजळ आणून ठेवलंय.